रंगवलेले खांब

मी रंगारी. जन्म भिंती घासण्यात गेला, त्यामुळे विजेच्या खांबावरचा कागद काढणं म्हणजे आपल्या हातचा मळ. पण हे कागद साधे नव्हते. तळहाताएवढे, चिकट, वर माझ्या सुनेच्या लोकांना घाण शिव्या आणि खाली ‘चालते व्हा’.

सून परमुलखातली. आधीच्या गावात असलाच कागद तिच्या माहेरच्या दारावर लागला, मग काचा फुटल्या, मग ते लोक रातोरात निघाले. नात झाली तेव्हाच तिनं मला सांगून ठेवलं होतं, “बाबा, रस्त्यावरचं मी गिळते. दारावर आलं तर लेकराला घेऊन जाईन.”

मुलगा बोटीवर, कधी येतो कधी नाही. घरात आम्ही तिघंच. या दोघी गेल्या तर मी काय भिंतींशी बोलू?

म्हणून ती कामाला गेली की मी निघायचो. थिनरचं फडकं दाबायचं, पट्टीनं खरवडायचं. खाली कागदाच्या आकाराचा उजळ चौकोन उरायचा. तो काही आपल्याला बघवत नाही. मग अख्ख्या खांबाला राखाडी रंगाचा एक हात. बसथांब्यापासून आमच्या दारापर्यंत एक खांब सोडला नाही. ती येता-जाता म्हणायची, “आपल्याकडे बरं आहे हो, बाबा.” मला गुदगुल्या व्हायच्या.

परवा दुपारी टकल्या आला. धंद्यानं न्हावी, स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही, आणि दुनियेला तेल विकतो. त्या दिवशी मात्र थट्टा नाही.

“दार बघितलंस का?”

बघितलं. कडीच्या वर, नेमका तसलाच कागद.

“चिकटवणाऱ्यांना घर कसं कळलं रे?”

त्यानं मला खांद्याला धरून रस्त्याकडे फिरवलं. “सगळं गाव कळकट, आणि थांब्यापासून इथवर खांब नवरीसारखे. कुणीही चालत आला असता. पत्ता तूच रंगवलास, लेका.”

दार साफ केलं. मग वाटलं, गाव सगळं सारखं दिसलं तर माग मोडेल. डबा घेऊन पलीकडच्या गल्लीत घुसलो. चार खांब झाले नाहीत तोवर मनगट दगड झालं, डबा तळाला गेला.

सून पाळणाघरातून नातीला कडेवर घेऊन येत होती. मला बघून थांबली.

“हा आपल्या वाटेवरचा खांब नाही.”

मी ब्रश पुसत राहिलो.

“दारावर आलं ना, बाबा?”

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण नातीनं माझ्या मिशीला लागलेला रंग बोटानं पुसला.

“आलं,” म्हटलं. “माझ्यामुळं आलं.” आणि खांबांचं सगळं सांगून टाकलं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदरानं माझी मिशी पुसली. “सकाळच्या गाडीनं जाते. तुम्ही चला म्हटलं तर येणार नाही.”

“पोरगा बोटीवरून उतरला तर दार कोण उघडेल?”

तिनं नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“स्टँडवर कुठल्या रस्त्यानं जाशील?”

“कशाला? परत रंगवाल.”

“रंग नाही. नुसतं खरवडतो.”

ती नातीला घेऊन वळली. सामान बांधायचं होतं तिला.

स्टँडला दोन रस्ते जातात. कुठला ते तिनं सांगितलं नाही. पट्टी घेऊन मी रात्रीत दोन्ही धरले.