शेंडा खाली गेला

कुंडल गावात एव्हाना दर दुसऱ्या घरावर स्लॅब पडला होता. म्हणून हंबीररावांनी लाकडी घराचं काम सांगितलं तेव्हा सिद्धू सुताराला आभाळ ठेंगणं झालं. साठीचा गडी, पण लाकूड तासायचा वाकस खांद्यावर टाकून गावातून असा निघाला की जणू ह्याचंच लगीन. निघू द्या की. गेली काही वर्षं खाटेचे पाय आणि मोडक्या तिफणी ह्याशिवाय त्याच्या वाट्याला आलं तरी काय होतं? हे घर नीट उभं राहिलं तर बघून अजून कुणी काम सांगेल. नाहीतर सुतारकी संपली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खांब उभे राहिले, तुळया बसल्या, सगळ्यांत वर आढं चढलं. नारळ फुटला. हंबीररावांच्या बायकोनं, मनुबाईंनी पेढे वाटले. त्यांचा मुलगा ऋषिराज फौजेत, काश्मीरला. सुट्टीवर येईल तो नव्या घरातच, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या खांबाला रंधा मारताना सिद्धूचा हात थबकला. फांदी फुटते ती वरच्या अंगाला, म्हणून लाकडातली गाठही वर झुकलेली असते. ही खाली झुकली होती. त्यानं दुसरी चाचपली. तीही तशीच. म्हणजे शेंडा जमिनीत आणि बुडखा वर. झाड जसं वाढलं तसाच खांब उभा करायचा, हे सुताराचं पोर रांगताना शिकतं. उलट्या खांबाच्या घरात वंश टिकत नाही म्हणतात. पूर्वी तो स्वतः झाड पाडायचा, बुडख्याला गेरूची खूण करायचा. हे लाकूड वखारीतून कापून आलेलं, दोन्ही टोकं सारखी, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. डोळे दाखवा म्हणून बायको भामाबाई कानीकपाळी ओरडत होती, पण ऐकेल तो सिद्धू कसला.

गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ते पोर तिकडं बर्फात उभं. संध्याकाळी सिद्धू हंबीररावांपुढं जाऊन उभा राहिला.

"आबा, मधला खांब उलटा बसलाय. चूक माझीच. टेकू लावून फिरवून देतो, वरचं काय उतरायला लागत न्हाई."

मनुबाईंनी तोंडाला पदर लावला. हंबीरराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "सांगितलंस ते लय चांगलं केलंस, सिद्धू. पर हिला आता झोप लागायची न्हाई. स्लॅबच टाकतो. सळईला ना शेंडा ना बुडखा."

"बाकीचे सुलटे हायती, आबा. मी हात लावून बघितलंय."

"तुझ्या हातावरच सोडलं हुतं न्हवं?"

सिद्धू खाली मान घालून घरी आला.

घर उतरवायलाही त्यालाच बोलावलं, कारण कुठली खुंटी आधी काढायची ते दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आढं आलं, वासे आले, तुळया आल्या, शेवटी खांब. एक सांधा फाटू दिला नाही त्यानं.

लाकूड ओळीनं रचून होतंय तोवर स्लॅबचा ठेकेदार आला. सिद्धूचं काम बघून खूश झाला.

"आवं तात्या, स्लॅबखाली सेंटरिंगच्या फळ्या ठोकायला मानूस कमी हाय. सोमवारपास्नं येतासा का?"

"रंधा मारून लागतील?" सिद्धूनं विचारलं.

"कशाला? शिमिट वाळलं की काढूनच टाकायच्या."

सिद्धूनं रंधा पिशवीत टाकला. मग "येतो," म्हणाला.