शेवटच्या दिव्याच्या पलीकडे

"अरे, बोल ना पावलूसी! तोंडात काय मासा धरलायस?"

एलिसापी म्हातारी खेकसली, तशी सभागृहातली कुजबूज थांबली आणि सगळ्या माना पावलूसीकडे वळल्या. त्यानं गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली. भिंतीवर नकाशा लावला होता. त्यात गावाची आखूड धावपट्टी काळ्या रेघेनं दाखवली होती आणि तिला पुढं लाल रेघेचा लांबलचक तुकडा जोडला होता. तो तुकडा जोडायला दक्षिणेहून आलेला तरुण इंजिनियर चहाचा कप हातात धरून उभा होता. पोरगा सभ्य होता. त्याच्यावर चिडावं असं त्यात काही नव्हतं.

धावपट्टी वाढवायची तर खडी पाहिजे. गावाभोवती सगळा भिजका चिखल, वर्षातले आठ-नऊ महिने गोठलेला. चांगली खडी एकाच जागी, उत्तरेच्या टेकडीच्या अलीकडच्या टोकाला. आणि त्याच टोकावर, दगडांच्या ढिगाखाली, पावलूसीची बायको उलायुक निजली होती. इथली गोठलेली जमीन हातांनी खोदता येत नाही. पेटी टेकडीवर ठेवायची आणि वर दगड रचायचे. बाकीच्या सगळ्यांची माणसं टेकडीच्या पार पलीकडच्या अंगाला होती. उलायुकला मात्र त्यानं मुद्दाम अलीकडे ठेवलं होतं. तो धावपट्टीवरचा बर्फ लोटायचा, आणि यंत्रात बसल्या बसल्या तिचे दगड दिसावेत एवढीच त्याची इच्छा होती.

"दुसरीकडे नाहीच का खडी?" गावचा अध्यक्ष सिमिओनी यानं पोराला विचारलं.

"आहे, खाडीपलीकडे. पण मग काम कधी होईल ते मी सांगू शकत नाही."

उलायुक कशी गेली ते गावात कुणाला सांगायला नको होतं. पाच वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात तिच्या छातीत कळ आली. नर्सनं विमान मागवलं. लहान विमान दुसऱ्या गावी अडकलेलं, म्हणून मोठं पाठवलं. पावलूसीनं स्वतः पट्टी ताटासारखी लख्ख करून ठेवली होती. विमान आलं, घिरट्या घातल्या, एकदा तर इतकं खाली आलं की चाकं दिसली. पण पट्टी पुरेना, ते वर उचललं आणि दक्षिणेकडे निघालं. आत खाटेवर उलायुक आवाज ऐकत होती.

"गेलं का रे?" तिनं विचारलं.

"वळतंय, म्हातारे. वळतंय," तो म्हणाला होता.

दुसरं विमान यायच्या आत ती गेली.

आता सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्यानं घसा खाकरला. "मी कोण सांगणार? जिची जागा आहे तिला विचारतो."

कुणीही हसलं नाही. एलिसापीनं मान डोलावली. ती उलायुकची थोरली बहीण. पोरगा मात्र गोंधळून सिमिओनीकडे बघू लागला.

"उद्या सांगतो म्हणतोय," सिमिओनी म्हणाला.

घरी मुलगी मायना तव्यावर जाड भाकरी भाजत होती. तिची चार वर्षांची लेक जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेल्या माशाचे काप चघळत होती. आजी गेली त्याच वसंतात ही जन्मली, म्हणून नाव तिलाच मिळालं, उलायुक. नुसतं नाव नव्हे, इथं नावाबरोबर गेलेलं माणूसच परत येतं, म्हणून सगळी नातीही आली. मायना स्वतःच्या लेकीला 'आई' म्हणायची. एलिसापी तिला 'धाकटे' म्हणून दटावायची. आणि पावलूसी म्हणायचा तेच, जे आयुष्यभर म्हणत आला होता.

"म्हातारे, एक विचारायचंय."

"आधी बूट काढ. सगळं घर ओलं केलंस."

मायना खुदकन हसली. पावलूसीनं मुकाट्यानं बूट काढले. आणखी कुणाचं त्यानं ऐकलं नसतं. पोरीसमोर तो मांडी घालून बसला.

"तुला टेकडीवरून हलवू का? दुसऱ्या जागी नेतो."

मायनाचा हात तव्यावरच थांबला.

"का?" पोरगी म्हणाली.

"तिथली खडी पाहिजे. मोठं विमान उतरायला."

"मला विमान दिसेल?"

"दिसेल की. पट्टी जिथं संपेल तिथंच ठेवतो तुला. अगदी दारात येऊन थांबेल."

पोरीनं काप गिळला, बोटं चाटली. "मग हलव. पण तू हलव, म्हाताऱ्या. यंत्र नको. यंत्र फार ओरडतं."

"बाबा," मायनाचा आवाज फुटला, "पडू दे ना आईला जरा निवांत. हिला काय कळतंय? लेकरू आहे ते."

"ती हो म्हणाली. तुझ्यासमोर म्हणाली."

"हो, म्हणाली." मायनानं डोळे पुसले आणि करपलेली भाकरी उलटली. "तिला कधी नाही म्हणता आलं कुणाला?"

उन्हाळ्यात दगड सुटे झाले, तेव्हा पावलूसीनं ते हातांनी काढले. एकेक करून. यंत्र टेकडीखालीच उभं होतं, आणि पोरांनी हात लावतो म्हटलं तर त्यानं त्यांना परतवून लावलं. पेटी उचलायला तेवढी चार माणसं बोलावली. एलिसापी बाजूला बसून सूचना देत होती. "हळू! ती काय तुझी पिठाची गोणी आहे? लहानपणापासून धक्का लागला की रुसायची ती." आणि बोलता बोलता तीच हुंदके द्यायला लागली.

नवी जागा म्हणजे पट्टीच्या शेवटच्या दिव्याच्या बरंच पलीकडे, लाल रेघ जिथं संपत होती तिथला एक उंचवटा. दगड पुन्हा रचून झाले. शेवटचा दगड पोरीनं दोन्ही हातांनी उचलून आणला आणि ठेवून दिला. तेव्हा पावलूसी सगळ्यांसमोर मोठ्यानं रडला. त्याला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तो यंत्रावर चढला आणि टेकडीचं ते टोक त्यानंच खणलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते झालेलं त्याला चाललं नसतं. उन्हाळा सरेपर्यंत पट्टीशेजारी खडीचा डोंगर उभा राहिला आणि टेकडीचं टोक बोडकं झालं.

मग वर्षातून एकदाच येणारं जहाज आलं. रोलर, नवे दिवे, कामाची माणसं सगळं त्यातूनच यायचं होतं. झाडून सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. पीठ उतरलं, डिझेल उतरलं, मायनानं मागवलेली शिवणयंत्राची पेटी उतरली, कुणाचा तरी लालभडक सोफा उतरला. पोरं त्या सोफ्यावर उड्या मारायला लागली. आणि जहाजानं दार लावून घेतलं.

सिमिओनी फोन कानाला लावून दूर उभा होता. परत आला तो कुणाच्या नजरेला नजर देईना.

"यंदा नाही म्हणे. वरती फेरविचार चाललाय."

"विचार?" एलिसापी कडाडली. "आमची टेकडी खाऊन बसले आणि आता विचार करतात? माझ्या बहिणीला झोपेतून उठवलं तेव्हा नाही सुचला यांना विचार?"

पावलूसीनं मायनाची पेटी खांद्यावर घेतली आणि घरी गेला. पुढच्या वर्षीच्या जहाजातूनही काही आलं नाही. तो सभ्य इंजिनियरही पुन्हा फिरकला नाही. खडीच्या डोंगरावर पोरं घसरगुंडी खेळू लागली.

हिवाळ्यात दोन दिवसांचं वादळ शमलं, तसा पावलूसी यंत्र घेऊन पट्टीवर उतरला. पोरीनं हट्टानं त्याच्याशेजारी बैठक मारली होती. खाली पातं खरखरत होतं, बर्फ बाजूला ढकलला जात होता. शेवटचा दिवा आला. इतक्या वर्षांत त्यानं इथंच यंत्र वळवलं होतं. पुढं नुसता कोरा बर्फ, आणि पार तिकडं दगडांचा लहानसा ढीग.

पोरीनं काचेला नाक लावलं. "म्हाताऱ्या, तू म्हणालेलास दारात येईल. विमान माझ्यापर्यंत कधी येणार?"

बायकोशी पावलूसी एकदाच खोटं बोलला होता. आता हीच म्हातारी पुन्हा त्याच्याकडे बघत होती, डोळे मोठे करून, आणि दुसरा एकही शब्द त्याला सुचेना.

"वळतंय," तो म्हणाला. "वळतंय, म्हातारे."

त्यानं यंत्र वळवलं नाही. पातं आणखी खाली टेकवलं आणि दिवा ओलांडून सरळ पुढं निघाला.

वायरलेसवर सिमिओनी ओरडला, "अरे पावलूसी, कुठं चाललास? पट्टी संपली तिथं!"

"माहितीये," पावलूसी म्हणाला आणि वायरलेस बंद केला.

दगडांशी पोचला तेव्हा त्यानं पातं उचललं आणि मागं बघितलं. दिव्यापासून उलायुकपर्यंत बर्फ सरळ, रुंद, लख्ख कापला गेला होता. पोरीनं टाळ्या पिटल्या.

दुपारनंतर वारा सुटला आणि संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा भरून गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते पुन्हा साफ केलं.