नोलीनची किंकाळी

बुधवारचा पेपर कुंबारा गावच्या बेकरीत आला आणि मर्वच्या हातातलं मटणाचं पॅटिस सॉससकट मांडीवर पडलं. पहिल्या पानावर त्याचीच बायको! शनिवारी क्लबात कपडे उतरवणाऱ्या पोरांचा कार्यक्रम झाला होता, त्यातल्या एका तेलकट पठ्ठ्यासमोर नोलीन डोळे मिटून हा एवढा जबडा वासून उभी. वर मथळा: ‘कुंबाऱ्याच्या बायका बेभान!’

त्यात त्या पोरानं सोंग घेतलेलं फायरमनचं. मर्व गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा खराखुरा कप्तान!

“कप्तान, आग तुझ्याच घरी लागलीय की!” डॅरिल बेकरीवाला म्हणाला. “पाठवू का बंब?”

मर्व तडक घरी. “माझ्यासाठी कधी ओरडलीस अशी?”

“अरे, त्या मेल्यानं बुटाखाली अंगठा चिरडला माझा! पेपरवाल्यांनी फोटोतले पायच कापलेत.” नोलीननं काळानिळा अंगठा पुढे केला.

“आणि फोटोत त्याच्या पोटावर तुझा हात?”

“ढकलत होते! हात तेलावरून घसरला.”

मर्वला पटलं, पण पचलं नाही. जेवणानंतर तो स्वयंपाकघरात अवतरला तो फायरमनची पिवळी पँट, उघड्या छातीवर पँटचे पट्टे, लोखंडी टोकाचे बूट आणि पोटावर अर्धी बाटली खायचं तेल अशा थाटात. रेडिओ लावून कंबर हलवू लागला.

“मर्व, फरशीवर तेल गळतंय.”

“तू फक्त ओरड!”

पुढच्याच गिरकीला तो घसरला आणि बूट नेमका त्याच अंगठ्यावर. नोलीन अशी किंचाळली की कपाटातल्या बशा वाजल्या.

“हीच! हीच ती!” मर्व पडल्या पडल्या टाळ्या पिटू लागला.

शेजारच्या थेल्माबाईंनी घाबरून अग्निशमन दलाला फोन केला. मर्वच्या पट्ट्याला अडकवलेला पेजर वाजला. त्यानं पत्ता वाचला, तर स्वतःचाच! उठेपर्यंत बंब दारात, आणि बंबामागे कॅमेरा घेऊन पेपरवाला. नोलीनची किंकाळी अजून चालूच.

पुढच्या बुधवारी पुन्हा पहिलं पान. त्यांचं स्वयंपाकघर, तोच नोलीनचा जबडा, शेजारी एक भलंमोठं तेलकट पोट. ‘नोलीनबाई पुन्हा बेभान! कोण हा नवा पाहुणा?’ या खेपेला त्यांनी फोटोतून मर्वचं डोकं कापलं होतं.

गावभर त्या पाहुण्याची चर्चा. मर्वचा जीव जळून कोळसा. शेवटी बेकरीतल्या रांगेत त्यानं शर्ट गळ्यापर्यंत वर ओढला, फोटो पोटाशेजारी धरला आणि एकेकीसमोर जाऊन ओरडू लागला, “नीट बघा! बेंबी जुळवून बघा! हा मीच आहे!”