मनिषाच्या नावाला उत्तर

नायगावच्या ख्रिस्ती दफनभूमीत ईस्टरच्या पहाटे नावं घेतली जातात. पाळक एकेका थडग्यापाशी थांबतात, आत असलेल्याचं नाव मोठ्यानं उच्चारतात आणि घरचं माणूस एका शब्दात उत्तर देतं, "उठेल." घरचं कुणी उरलं नसेल तर मंडळीतलं कुणीही देतं. ही पद्धत कुणी सुरू केली, ते आता कुणाला सांगता येत नाही. वर्षभरातलं नवं थडगं शेवटी घेतात. ज्या घरात मरण झालं असेल, त्या घरासाठी ईस्टर म्हणजे तो एक शब्द.

या वर्षी शेवटचं थडगं मनिषाचं होतं. ती नांदेडला नर्सिंग शिकत होती. श्रावणात डेंग्यूनं गेली. आई रेणुका अंगणवाडीत मदतनीस आहे. वडील आधीच नव्हते.

शनिवारी संध्याकाळी मंडळी थडग्यांना चुना लावायला जमली. पाळक शांतवन घोडके स्वतः बादली घेऊन फिरत होते. रेणुका लेकीच्या थडग्याला तिसऱ्यांदा हात देत होती.

"ए रेणुका, चुना थडग्याला लाव, लुगड्याला न्हाई," म्हातारी कमलम्मा पलीकडून ओरडली.

"लागू दे. उद्या नवं नेसणार हाय."

शांतवन तिच्यापाशी थांबले. "रेणुकाताई, उद्या जमेल ना? नाही तर तुमच्या वतीनं कमलम्मा बोलतील."

"कमलम्मा कशाला? माझी लेक हाय. मीच बोलणार." तिनं ब्रश बादलीत ठेवला. "तेवढ्यासाठीच ठेवलाय मी तो शब्द. एकटी असताना पण तोंडातून काढला न्हाई. लोकांनी लई सांगितलं. देवाला आवडली, तिचं तेवढंच होतं, रडू नको. मला एक पण पटलं न्हाई. तुम्ही माती देताना म्हणला, हेच शरीर उठेल. तेवढं पटलं. त्याच्यावरच दिवस काढून राहिले मी."

"ते माझं वाक्य नाही, ताई. आपला सगळा विश्वासच तो."

"तेच म्हणते की."

घरी जाऊन शांतवननी उद्याचं प्रवचन पुन्हा वाचलं. ख्रिस्त उठला नसेल तर आपण सांगतो ते फुकट आणि तुम्ही मानता तेही फुकट, असं पौलानं करिंथच्या मंडळीला बजावलं होतं. त्यावरच सगळं प्रवचन बांधलं होतं. ते नीट जमलं आहे, असं त्यांना वाटलं.

या वर्षी दोन पाहुणे येणार होते आणि त्यांना शांतवननीच बोलावलं होतं. दफनभूमीला लागून हणमंतरावांचं शेत आहे. दफनभूमीत जायचा रस्ता त्यांच्या बांधावरून जातो. गेल्या वर्षी एका मयतीत हळद तुडवली गेली आणि बोलाचाली झाली. तेव्हा आनंदराज सर मध्ये पडले. त्यांच्या शब्दावर हणमंतरावांनी बांधाच्या कडेनं बैलगाडी जाईल एवढी वाट कायमची सोडली. आभार मानायला हवेत, असं मंडळीचंच म्हणणं होतं.

आनंदराज सर निवृत्त मुख्याध्यापक. गावातल्या बुद्धविहाराचं बरंचसं काम तेच पाहतात. शांतवन त्यांचे विद्यार्थी. सातवीत असताना शांतवननी वर्गात अभिमानानं सांगितलं होतं, की आमचा येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. सरांनी शांतपणे विचारलं, "मेला हे नक्की ना? नाडी कुणी बघितली होती?" वर्ग हसला. पुढं कितीतरी दिवस पोरं शांतवनचं मनगट धरून 'बघू नाडी' म्हणत. आता शांतवनचे केस पिकायला लागले आहेत. तरी रस्त्यात सर दिसले, की ते अजून गाडीवरून उतरतात.

रविवारी उजाडायच्या आत मंडळी जमली. थडग्यांवर मेणबत्त्या लागल्या. हणमंतरावांच्या शेतात हळद शिजवण्याचं काम पहाटेच सुरू झालं होतं. कढईची वाफ आणि हळदीचा वास बांध ओलांडून येत होता. पाहुण्यांसाठी पुढं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या.

"या फादर," हणमंतराव खुर्चीत बसता बसता म्हणाले. शांतवन फादर नव्हते. ते प्रोटेस्टंट पाळक होते, बायकामुलं असलेले. पण हणमंतराव त्यांना नेहमी फादरच म्हणत आणि शांतवननी ते कधी दुरुस्त केलं नव्हतं.

गीत झालं, प्रार्थना झाली. शांतवननी प्रवचन उघडलं आणि समोर पाहिलं. सरांनी हाताची घडी घातली होती आणि मान किंचित कलती केली होती. वर्गात कुणाचं उत्तर ऐकताना करायचे, तशीच.

शांतवननी कागद मिटले.

"आज आपल्यात मान्यवर आहेत," त्यांनी सुरुवात केली. "पुनरुत्थान म्हणजे काय, हे सगळ्यांना समजेल असं सांगतो. थडगं रिकामं होतं की नव्हतं, या वादात आपण कशाला पडायचं? त्याला दोन हजार वर्षं झाली. महत्त्वाचं काय? माणूस जातो, त्याचा विचार जात नाही. येशू शिष्यांच्या मनात उठला, त्यांच्या आठवणीत उठला. आपली गेलेली माणसंही तशीच आपल्या आठवणीत उठत असतात. यालाच पुनरुत्थान म्हणायचं."

वाक्यं सहज येत गेली. हणमंतरावांनी मान डोलावली आणि शेवटी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. सरांची घडी सुटली नाही. मंडळीत कुणी हललं नाही. काहींनी नीट ऐकलं नसावं आणि काहींना ऐकलं ते खरं वाटलं नसावं.

मग नावं सुरू झाली.

"एलिया तात्या."

"उठेल," नातवानं उत्तर दिलं.

"सुवार्ताबाई."

"उठेल."

रांग पुढं सरकत गेली. शेवटी शांतवन नव्या चुन्याच्या थडग्यापाशी आले. रेणुका नवं लुगडं नेसून पायथ्याशी उभी होती.

"मनिषा."

उत्तर आलं नाही. शांतवननी पुन्हा नाव घेतलं. मागून कमलम्मानं तोंड उघडलं तसा रेणुकानं हात वर केला.

"कुणी बोलू नका. कशात उठेल, पाळकसाहेब?"

"ताई..."

"आठवणीत म्हणला तुम्ही. आठवणीत ती रोजच उठती. चहा ठेवला की उठती. तिची चप्पल दिसली की उठती. त्यानंच तर मी मरून राहिले. त्याला उठणं म्हणत्यात? मग मातीत घालताना मला काय सांगितलं तुम्ही?"

शांतवननी खुर्च्यांकडं पाहिलं. त्यांना तसं पाहायचं नव्हतं, पण नजर गेली. रेणुकानं ती गेलेली पाहिली.

कुणीतरी घाईनं गीत सुरू केलं. लोकांनी ते आधारासारखं धरलं आणि सभा संपली. रेणुकाचा शब्द राहिला तो राहिलाच.

चहा आणि उकडलेली अंडी वाटून झाली. हणमंतराव उठले. "लई भारी बोलला, फादर. आमच्या सप्त्यात या एकदा." ते बांध ओलांडून कढईकडं गेले. सर मागं रेंगाळले.

"शांतवन, छान बोललास."

"तुमचेच संस्कार, सर."

"माझे कसे? माणूस जातो, विचार राहतो, हे मी दर जयंतीला बोलतो. पण मी बौद्ध आहे. तूही तेच बोलणार असशील तर रविवारी ही माणसं तुझ्याकडं कशाला येतात? विहारात येऊ दे की. चटया आहेत आमच्याकडं."

शांतवन हसायला गेले आणि थांबले.

"मेलेला उठत नाही, असं मी मानतो," सर म्हणाले. "मरेपर्यंत मानणार. पण आज तुम्ही काय मानता ते ऐकायला आलो होतो. माझी आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला तू आला होतास. तू बसलायस म्हणून मी त्रिशरण बदलून म्हटलं का?"

"नाही सर."

"मग माझ्यासाठी का बदललंस?"

शांतवननी सातवीतली नाडीची गोष्ट सांगितली. सरांनी आठवून पाहिलं. "असं म्हटलो होतो मी? मला काहीच आठवत नाही रे."  मग मनिषाच्या थडग्याकडं बोट न करता म्हणाले, "त्या बाईकडं जा," आणि हणमंतरावांच्या चहाला निघून गेले.

ज्याला लाजून आपण विश्वास मिटून ठेवला, त्याला तो प्रसंग आठवतसुद्धा नव्हता. शांतवनच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. ऊन तर अजून वर यायचं होतं.

मंडळी पांगली होती. रेणुका थडग्याजवळ बसून विझलेल्या मेणबत्त्यांचं मेण नखानं काढत होती. शांतवन समोर जमिनीवर बसले.

"ताई, मी चुकलो."

"एक सांगा. ती उठेल असं वाटतं तुम्हाला? का सगळं बोलायचंच?"

"वाटतं."

"माती देताना वाटत होतं?"

"हो."

"सकाळी? खुर्च्यांसमोर?"

त्यांना खाली मान घालून सांगावं लागलं. "सकाळीसुद्धा वाटत होतं."

"वाटत होतं तरी तसं बोलला?" रेणुका त्यांच्याकडं बघत राहिली. "वाटत नसतं तर बरं झालं असतं. माणसाचं डळमळतं. माझं पण लई वेळा डळमळतं. रात्री वाटतं, माती ती माती. म्हणून तर तुमच्या तोंडाकडं बघत होते. आणि तुम्हाला असून तुम्ही झाकून ठेवलं."

"लाज वाटली."

"कुणाची? सरांची?"

"सरांची म्हणा." मग त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं. "नाही. येशूचीच लाज वाटली, सरांसमोर."

रेणुका मेण काढत राहिली. बांधापलीकडं गडी कढईतली हळद उपसत होते. त्यांच्याजवळ बाजेवर हणमंतराव आणि सर बशीतून चहा पीत होते.

"मी पुन्हा नाव घेतो, ताई," शांतवन म्हणाले. "तुम्ही उत्तर द्या."

"न्हाई. आता नाव मी घेणार. उत्तर तुम्ही द्यायचं."

अशी पद्धत नव्हती. शांतवन उठून उभे राहिले.

"मनिषा," रेणुका म्हणाली.

"उठेल."

"हे मला ऐकू आलं. मी तर हितंच बसले. तिकडं जाऊ द्या, कढईपर्यंत."

शांतवननी बाजेकडं पाहिलं. सकाळची नजर आणि ही नजर एकाच दिशेला होती.

"मनिषा!" रेणुकानं या वेळी हाक मारल्यासारखं नाव घेतलं.

"उठेल!"

आवाज चिरकला, पण पोचला. गड्यांचे हात थांबले. हणमंतरावांनी बशी खाली ठेवून सरांना काहीतरी विचारलं. सरांनी उत्तर दिलं. काय दिलं ते इथवर आलं नाही. मग हणमंतराव बाजेवरून ओरडले, "काय झालं हो फादर?"

"मी फादर नाही, पाळक आहे," शांतवन ओरडून म्हणाले. "आणि सकाळी मी खोटं बोललो! थडगं रिकामं होतं. तो देहानं उठला. ही पोरगी पण उठेल!"

हणमंतराव गोंधळून सरांकडं पाहू लागले. एक गडी हसला. बाकीचेही हसले, त्यांना त्यात वाईट काही वाटलं नसावं. शांतवनचं तोंड भाजल्यासारखं झालं. ते तसेच, सगळ्यांना दिसतील असे उभे राहिले.

रेणुकानं गोळा केलेलं मेण पदराला बांधलं. थडग्यावर हात ठेवला, ताप बघताना ठेवतात तसा. मग तिनं तो शब्द उच्चारला. इतक्या हळू, की दोन पावलांवर असलेल्या शांतवननाही तो ऐकू आला नाही. फक्त ओठ हललेले दिसले.