ताप चालतो

“नाय ओ साहेब, उलट्या होतायत त्यांना. सकाळपास्नं पोटात कायच ठरत नाय.” पडवीत उभी राहून छाया फोनवर बोलत होती.

आत तिचा नवरा, नवीन, भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला उलट्या होत नव्हत्या. गेल्या खेपेला फोनवर सांगितलेला ताप नव्हता, आणि त्याआधी मेहुण्याचा सासराही मेला नव्हता. त्याला फक्त उठवत नव्हतं. दात घासायचं म्हटलं तरी छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

“उद्या तरी जावा,” छाया आत येऊन म्हणाली. “माझ्याकडचे आजार संपले आता.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. रसायनीच्या एका कारखान्यात तो रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होता; लग्नाआधीपासून तेच काम, कधी कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती. त्या दिवशी बॅच चढवली आणि तो व्हॉल्व्हसमोर थिजला. रिअ‍ॅक्टर तापून फुटू नये म्हणून सोडायचं थंड पाणी सोडलं की नाही, आठवेना. हात चाकावर होता, पण चाक कुठल्या बाजूला फिरवायचं तेच कळेना.

“कमलेश,” त्याने जोडीदाराला हाक मारली. “पाणी बघ रं.”

कमलेशने तापमानाच्या काट्याकडे पाहिलं, त्याला बाजूला ढकललं आणि चाक फिरवलं. लाल रेषेला टेकलेला काटा हळूहळू मागे आला.

“कुनाला बोलू नको,” कमलेश कपाळ पुसत म्हणाला. “मी पन नाय बोलत.”

खाली कंत्राटातल्या बाया पिंपं धूत होत्या. त्यांतली एक कशाला तरी हसत होती. नवीन तिच्याकडे बघत राहिला. मग जिना उतरून शिफ्ट इनचार्ज राजेशसाहेबांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. व्हॉल्व्हचं, आणि फोनवरच्या आजारांचंही.

साहेब माणूस चांगला. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. “हे वरच्या साहेबांकडे गेलं तर तुला परत प्लँटवर चढू देणार नाहीत, नवीन. ताप आलाय म्हण. ताप चालतो.”

“ताप नाय साहेब. डोकंच चालत नाय. मला वर पाठवू नका.”

त्यांनी पाठवलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पनवेलच्या मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडेपर्यंत त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता. गावात तो दिसला की लोक आवाज खाली आणू लागले.

“तापच सांगितला असता तर?” छायाने एकदा विचारलं.

“खाली बाया व्हत्या गं.”



डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तो सकाळी नाक्यावर दूध आणायला जाऊ लागला. एकदा कंपनीची बस नेमकी त्याच्यासमोर थांबली. ड्रायव्हरने सवयीने दार उघडलं. आतल्या ओळखीच्या माणसांनी मोबाइलमध्ये माना घातल्या. कमलेश तेवढा बघत होता.

नवीनने दुधाची पिशवी डाव्या हातात घेतली, आणि उजव्या हाताने बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. जा, म्हणून.