धुळीची पट्टी

आमचं यान तेव्हा शेवटच्या ग्रहाच्याही कितीतरी पुढे गेलं होतं. इथून पाठवलेली कमांड तिथे पोचायला बारा तास, आणि तिथलं काही इथे यायला आणखी बारा. चाळीस वर्षं झाली, पण तो हिशेब अजून डोक्यातून जात नाही.

यानावर माझं धुळीचं यंत्र होतं. एखादा कण त्याच्या पत्र्यावर आपटला की इकडे कागदाच्या पट्टीवर एक रेघ उठायची. धाकटी म्हणायची, "ताई, एवढी शिकलीस आणि शेवटी केरच मोजत बसलीस!" धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. मीच तिला या कामाला लावलं होतं. तिचं यंत्र चुंबकीय क्षेत्र मोजायचं.

कमांडच्या टेबलावर आम्ही दोघी बसायचो. एकीने कमांड मोठ्याने वाचायची, दुसरीने ओळ न ओळ ताडून बघायची आणि मग चिठ्ठीवर सही करायची. दुसरी सही नसेल तर कमांड जात नसे. घाईच्या वेळी अडायला नको म्हणून मी दहा कोऱ्या चिठ्ठ्यांवर आधीच सह्या करून धाकटीच्या खणात ठेवल्या होत्या. परक्या कुणासाठी मी हे केलं नसतं.

त्या वर्षी यानाची वीज इतकी उतरली की आमच्यापैकी एकीचं यंत्र बंद करणं भाग होतं. बंद झालं की ते गोठणार, पुन्हा चालू व्हायचं नाव नाही. साहेबांनी गुरुवारी बैठक ठेवली. मी जय्यत तयार होते. महिन्याभरात कण तिपटीने वाढले होते. पुढे काहीतरी होतं, आणि ते बघायला त्या वाटेने दुसरं कुणी जाणार नव्हतं.

मंगळवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "तू जा आईबरोबर, तिला तूच लागतेस," धाकटी म्हणाली. "इकडचं मी बघते."

बुधवारी सकाळी नऊला मी परतले, तेव्हा पट्टीवर रेघा उठत होत्या. खुशीत मी कमांडची फाइल उघडली. सगळ्यात वर कालची चिठ्ठी होती. धुळीचं यंत्र बंद. वेळ सकाळी दहा. खाली माझी सही.

मी बोटांवर बारा तास मोजले. यंत्र रात्री दहालाच बंद पडलं होतं. समोर येत होतं ते त्याच्या आधीचं, आणि तेही आणखी तासभरच.

"हे काय केलंस गं?"

"वीज एकदम घसरली, ताई. थांबायला वेळच नव्हता."

मी विजेचा तक्ता तिच्यापुढे धरला. कालची ओळ परवासारखीच होती. तिने मान वळवली.

"तुझ्यासारखं बोलता येतं का मला? गुरुवारी तूच जिंकली असतीस."

नऊ बावन्नला एक रेघ उठली. दहानंतर पेन नुसतं सरळ चालत राहिलं.

तेवढ्यात साहेब आले आणि माझ्यापुढे चक्क हात जोडले. "बहिणीसाठी आपण होऊन माघार घेतलीत! धाकट्या बाईंनी सांगितलं मला. मोठं मन लागतं."

मी धाकटीकडे पाहिलं. ती डोळ्यांनी विनवत होती.

"साहेब, सही माझी आहे. वाचलं मात्र मी नाही," मी म्हटलं, आणि तिचा खण उघडून उरलेल्या नऊ चिठ्ठ्या त्यांच्या हातात दिल्या.

दुपारपर्यंत आम्हा दोघींनाही कमांडच्या टेबलावरून काढलं. जिन्यात तिने मला गाठलं. रडून नाक लाल झालं होतं.

"यंत्र तर गेलंच होतं, ताई. निदान बहीण तरी राखायचीस."

"ते तू बघायचं होतंस," मी म्हटलं, "काल दहाच्या आधी."