खांब का भिंत

"खांब लिहू का भिंत, अण्णा?"

चहा का कॉफी असं विचारावं, तशा आवाजात गल्लीतल्या विमा एजंट प्रशिकने विचारलं. मोबाईल गुडघ्यावर टेकवून, अंगठा तयार ठेवून तो बसला होता. सत्याप्पा उंबऱ्यातून बाहेर गाडीकडे बघत होता. रिटायर झाल्यावर घेतलेली जुनी पांढरी गाडी. मागून सगळी आत गेलेली. डिकीचं झाकण लागत नव्हतं, म्हणून त्याने ते नायलॉनच्या दोरीने बंपरला बांधून टाकलं होतं.

"मला मागनं ठोकलंय," तो म्हणाला. "मी थांबलो होतो. थांबलेल्या गाडीला ठोकलंय. तेच लिही की."

"ते लिहिलं की ठोकणाऱ्या गाडीचा नंबर लिहावा लागतोय. नंबर लिहिला की कंपनी पोलिस स्टेशनचा कागद मागती. कागद झाला की मुकुंदरावांचं नाव आलंच." प्रशिकने आतल्या दाराकडे मान वळवली. "अक्का, तूच सांग बघू तुझ्या अप्पाला."

दीक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बोलायचं होतं ते तिने दोन दिवसांपूर्वी रस्त्यावरच बोलून टाकलं होतं.

रविवारी बापलेक धारवाडहून हुबळीला परत येत होते. रायापूरजवळ माणसं रस्ता ओलांडतात तिथे सिग्नल लाल झाला आणि सत्याप्पाने गाडी थांबवली. पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, नेहमीसारखी. पोराला कडेवर घेतलेली एक बाई गाडीसमोरून जात होती. तेवढ्यात मागून धक्का बसला. सत्याप्पाचा पाय ब्रेकवर होता तसाच राहिला, म्हणून गाडी त्या बाईपर्यंत गेली नाही. त्या बाईला हे कधी कळलंही नसेल. ती मागे वळून न बघता पलीकडे गेली.

मागच्या मोठ्या गाडीतून हातात फोन घेतलेला एक तरुण उतरला. "सॉरी अंकल, दिसलंच नाही." मग डाव्या बाजूचं दार उघडलं आणि पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बाहेर आले. त्यांना बघून दीक्षाचा चेहरा उतरला. दीक्षा ज्या शाळेत टेंपररी म्हणून सायन्स शिकवत होती, त्या संस्थेचे ते सेक्रेटरी, मुकुंदराव. तिच्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीसाठी थांबला होता.

"अरे, दीक्षा मॅडम तुम्ही! कुणाला लागलं नाही ना?" मुकुंदरावांनी मनापासून विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वाकून गाडीची मागची बाजू बघितली, मुलावर दोन शब्द डाफरले, आणि म्हणाले, "आमच्या गॅरेजवाल्याकडे पाठवून द्या. मी त्याला सांगतो, तो सगळं करून देईल."

"नको सर," दीक्षा चटकन म्हणाली. "आमचा इन्शुरन्स आहे. तुम्ही काळजी करू नका."

हे तिला घरातूनच आलं होतं. कुणाच्या ओसरीवरचं उचलायचं नाही, कुणाचं फुकट अंगाला लावून घ्यायचं नाही, हे सत्याप्पाच तिला लहानपणापासून सांगत आला होता. त्या क्षणी त्याला लेकीचा अभिमानच वाटला.

"बघा हं," मुकुंदराव म्हणाले. "आमच्या प्रसादचं व्हिसाचं चाललंय. पोलिसांचा दाखला वगैरे लागतो त्यात. अर्थात, मी काही म्हणत नाही."

मी काही म्हणत नाही, असं त्यांनी गाडीत बसताना पुन्हा एकदा म्हटलं.

"लिहायचंच कशाला पण?" सत्याप्पा आता प्रशिकला म्हणाला. "क्लेम नको नि बिम नको. दोरी बांधलीय. पगडीसारखी मिरवतो."

"आणि मला सोडायला त्याच गाडीतनं शाळेत येणार?" दीक्षा पहिल्यांदाच बोलली. "रोज? गेटसमोर सरांच्या डोळ्यापुढं दोरी बांधलेली गाडी उभी करणार? मी इन्शुरन्स आहे म्हणून सांगितलंय, अप्पा. दोरी बघितली की त्यांना काय वाटेल? रोज टोमणा मारायला येतोय असंच वाटेल."

"मग बसनं जा."

"बसनं गेले तर विचारतील, गाडी काय झाली."

सत्याप्पाला हसू आलं. खरं लिहावं तर मुकुंदराव दुखावतात, गप्प बसावं तरी मुकुंदराव दुखावतात. ठोकलं त्यांनी, आणि आता त्यांना लागू नये म्हणून जपायचं आपण.

स्वयंपाकघरातून सत्याप्पाची बायको यल्लव्वा म्हणाली, "विचार काय करायलाय एवढा? एक ओळ तर खोटी लिहायची. सगळं जग लिहितंय."

पण ती एक ओळ सत्याप्पाची होती, हे तिलाही माहीत होतं. नोकरीची सगळी वर्षं त्याने बस चालवली. अळणावरच्या जंगलातल्या पावसात, बेळगावच्या घाटवळणांवर, जत्रेच्या गर्दीत टपावर माणसं बसलेली असताना. त्याच्या बसने कधी कुत्रंसुद्धा उडवलं नाही. बिनअपघात चालवल्याबद्दल मिळालेलं चांदीचं पदक भिंतीवर काचेत होतं. त्याच्या शेजारी लग्नाचा फोटो होता, तो त्यापेक्षा लहान.

पदकापेक्षाही मोठी गोष्ट गल्लीत होती. जुन्या हुबळीतल्या त्यांच्या गल्लीची भीमजयंतीची मिरवणूक निघे, तेव्हा बाबासाहेबांची तसबीर ठेवलेला ट्रॅक्टर सत्याप्पाच चालवी. कधीकाळी एका पोरसवदा ड्रायव्हरने क्लच झटकन सोडला, तसबीर मागे पडली आणि काच तडकली. तेव्हा जुन्या माणसांनी विहारात बसून ठरवलं, की ज्याच्या हातून कुणाला ओरखडा आलेला नाही, त्यानेच यापुढे ट्रॅक्टरला हात लावायचा. तेव्हापासून दुसरं नाव निघालं नव्हतं. निळा फेटा बांधून सत्याप्पा स्टिअरिंगवर बसला, की म्हातारी माणसं आधी तसबिरीला आणि मग त्याला हात जोडत. तो संकोचाने समोर बघत राही. पण हात जोडलेले त्याला दिसत.

"भिंत लिहितो," प्रशिक म्हणाला. "विहाराच्या कंपाउंडची. गाडी तिथंच लावताय तुम्ही. रिव्हर्स घेताना—"

"त्या भिंतीचं नाव घ्यायचं नाही."

सत्याप्पाचा आवाज एवढा चढला, की प्रशिकचा अंगठा मोबाईलवरून उचलला गेला. दीक्षा खाली मान घालून ओढणीच्या टोकाची गाठ सोडत होती, पुन्हा मारत होती. लहानपणी परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी ती असंच करायची.

"खांब लिही," सत्याप्पा म्हणाला.

कंपनीचा सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी दुपारी आला. तरुण होता, कन्नड बोलणारा, घाईत. गल्लीत कुणी फोटो काढायला लागलं की माणसं जमतातच, तशी जमली. त्याने डिकीचा फोटो काढला, चेपलेल्या बंपरवरून हात फिरवला. मग गल्लीच्या तोंडावरच्या विजेच्या खांबाकडे जाऊन त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. सत्याप्पा त्याच्या मागे उभा होता. खांब लागला तर एकाच जागी खोल घाव बसतो. ही गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट दाबली गेली होती. सर्व्हेअरला ते कळलं, हे सत्याप्पाला कळलं. क्षणभर त्याला वाटलं, हा पोरगा आता म्हणेल की हे खोटं आहे. म्हणाला तर बरं होईल.

पण सर्व्हेअरला अजून दोन ठिकाणी जायचं होतं.

"यजमान्रे, नीवे ओडसतिद्रेन्री?" त्याने मोठ्याने विचारलं. तुम्हीच चालवत होता काय?

"हौदु." होय.

"हिंद नोडलिल्लेन्री?" मागे बघितलं नाही काय?

सत्याप्पाने आजूबाजूला बघितलं. कट्ट्यावर म्हातारी माणसं होती. पाण्याच्या टाकीपाशी बायका घागरी खाली ठेवून उभ्या होत्या. टेंपोच्या बॉनेटवर टेकून मारुती तंबाखू मळत होता. दीक्षा शाळेत होती. प्रशिक त्याच्या नजरेला नजर देईना.

"तप्पु नंदे री," सत्याप्पा म्हणाला. चूक माझीच.

मराठीत ते शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते. कन्नड ही त्याच्या नोकरीची भाषा. डेपोत रोज त्याच भाषेत त्याने सांगितलं होतं, की गाडी नीट आहे, काही झालेलं नाही.

"लिंबू बांधलं नव्हतं काय, अण्णा?" मारुती ओरडला, आणि सगळे हसले. या गल्लीत कुणी गाडीला लिंबू बांधत नसे, म्हणूनच तो विनोद होता. हसण्यात वाईट काही नव्हतं. मारुतीच्या टेंपोचा एकही कोपरा धड नव्हता. आपल्यासारखाच आणखी एक निघाला म्हणून त्याला खरा आनंद झाला होता.

कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. त्यांतला एक जण नुसता "वय झालं" म्हणाला.

गाडी दुरुस्त होऊन आली. डिकीचा रंग जुन्या रंगाला जुळला नाही. नवा पांढरा जास्त पांढरा होता. एप्रिल लागता लागता दीक्षाच्या नेमणुकीवर सही झाली. त्या दिवशी यल्लव्वाने पुरणाची होळगी केली आणि दीक्षाने पहिला घास अप्पाला भरवला. सत्याप्पाने तो खाल्ला. चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो दीक्षाला शाळेत सोडायला गेला, तेव्हा मुकुंदराव दोन पाहुण्यांना घेऊन गेटपाशी उभे होते. दीक्षा नमस्कार करून आत गेली. मुकुंदरावांनी सत्याप्पाला हात केला, तसा तो खाली उतरला.

"हे आमच्या दीक्षा मॅडमचे वडील," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. मग गाडीच्या मागच्या बाजूला गेले, नव्या डिकीवर हात ठेवला. "झाली वाटतं. छान झाली. खांबाला लागली होती ना? मॅडम म्हणाल्या. आता या वयात जरा जपून चालवा बरं का."

सत्याप्पाने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे लबाडी नव्हती, ओशाळलेपण नव्हतं, डोळा मारणंही नव्हतं. नुसती काळजी होती. त्यांचा प्रसाद गेल्या आठवड्यात विमानात बसला होता, आणि रायापूरचा सिग्नल त्याच्याबरोबर निघून गेला होता. राहिला होता तो खांब.

"होय साहेब," सत्याप्पा म्हणाला.

जयंतीच्या दोन दिवस आधी प्रशिक आला. एजंटगिरीबरोबर तो जयंती कमिटीचा सेक्रेटरीही होता. नेहमी तो सरळ आत येऊन पाटावर बसायचा. त्या दिवशी चपला न काढता दाराशीच उभा राहिला.

"अण्णा, ट्रॅक्टरचं जरा..."

"डिझेल मी बघतो. ब्रेकचं तेल तेवढं तपासून घ्यायला सांगितलंय."

"तसं न्हवं." प्रशिकने मान खाजवली. "काल विहारात बैठक झाली. जुनी माणसं म्हणाली, यंदा मारुतीला बसवूया. अण्णांनी लई वर्षं केलं. आता वय झालं, परवा खांबाला पण... म्हणजे, तेच म्हणाले. ठरलंय तसं करायचं म्हणाले."

"मारुतीच्या हातून ओरखडा आला नाही होय?"

"मी तेच विचारलं. तर म्हणाले, त्याचा टेंपो ठोकतोय ते दुसऱ्यांमुळं."

आतून यल्लव्वाचं भांडं आपटल्याचा आवाज आला.

"तू काय म्हणालास?" सत्याप्पाने विचारलं.

"मी काय म्हणणार, अण्णा? खरं सांगावं तर एवढी तोंडं. कुणीतरी कंपनीत कळवणार. क्लेम खोटा ठरणार, माझी एजन्सी जाणार. आणि शाळेपर्यंत गेलं तर अक्काचं..."

"म्हणजे गप्प बसलास."

"गप्प बसलो."

"बरं केलंस," सत्याप्पा म्हणाला. बरंच केलं होतं. त्याच्या जागी सत्याप्पानेही तेच केलं असतं.

प्रशिक गेल्यावर यल्लव्वा बाहेर आली. "त्या खांबाला तोंड असतं," ती म्हणाली, "तर त्यानं तरी खरं सांगितलं असतं." मग पदर तोंडाला लावून आत गेली.

दीक्षाला संध्याकाळी कळलं. ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "मी जाऊन सांगते सगळ्यांना. होऊदे काय व्हायचं ते."

"काय सांगणार? तुझा बाप खोटं बोलला म्हणून?" सत्याप्पाने चष्मा काढून पुसला. "ऑर्डर आलीय नव्हं? मग झालं. शर्टाला इस्त्री करून ठेव. जयंतीला लागतोय."

जयंतीच्या सकाळी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. सत्याप्पा कडेला उभा राहून म्हणत होता. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे त्याचे ओठ मिटले, आणि पाचव्याला पुन्हा उघडले. शेजारच्याला काही कळलं नाही.

ट्रॅक्टर फुलांनी भरला होता. तसबीर वर चढवली, चारी बाजूंनी दोऱ्या आवळल्या. मारुती नवा शर्ट आणि निळा फेटा घालून स्टिअरिंगवर बसला होता. फेटा तोच होता, कमिटीच्या पेटीत ठेवलेला. त्याच्यासाठी नव्याने बांधला होता, तरी कानावर आला होता. "अण्णा, या की वर, शेजारी बसा," मारुती मनापासून ओरडला. सत्याप्पाने हाताने नको म्हटलं आणि तो मिरवणुकीच्या मागच्या रांगेत, माणसांत उभा राहिला.

ढोल वाजले. मारुतीने गिअर टाकला आणि क्लच सोडला. ट्रॅक्टरने हिसका दिला. वर तसबीर मागे झुकली. बायकांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मग दोऱ्यांनी तिला धरलं, आणि मिरवणूक चालू लागली.

सत्याप्पा जागचा हलला नव्हता. मागची माणसं त्याला चुकवून दोन्ही बाजूंनी पुढे जात होती. त्याने खाली बघितलं. उजवा पाय चपलेसकट जमिनीत रुतेल एवढा दाबलेला होता. तो त्याने हळूहळू सैल सोडला.